काळजाला डाग दिला त्या वर्षी

महिन्यातून एकदा रक्त तपासायला जाते, तिथल्या बाकावर परवा इचलकरंजीच्या एक बाई भेटल्या. मांडीवर जाडजूड फाईल, आणि ती कुणीतरी पळवून नेईल अशी घट्ट धरलेली. मला म्हणाल्या, "तुमचं पण काळीज उड्या मारतंय काय?" मी व्हय म्हटलं. मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की त्यांना पुण्याला नेऊन हृदय आतून जाळणार आहेत, आणि 'जाळणार' हे कानावर पडल्यापासून त्यांना घास उतरत नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांचा नंबर लागला आणि त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा माझा नंबर लागलेला.

त्यांना सांगायचं राहिलं ते इथं लिहिते आहे. औषधातलं मला फारसं कळत नाही. मी त्यातून गेले, आणि ते अजून माझ्याबरोबर राहतं, एवढाच माझा अधिकार. त्या बाईंच्या घशाखाली घास उतरला तरी पुष्कळ झालं.

नाडी

आम्ही कोल्हापूरचे गवळी. शहराच्या ऐन मध्यात आमची गल्ली, पुढं घर आणि मागं गोठा. संध्याकाळी गिऱ्हाईक कट्ट्यावर येऊन बसतं, त्याच्यासमोर म्हशीची धार काढायची आणि दूध कोमट आहे तोवर फेसासकट पेला त्याच्या हातात द्यायचा, ही आमची रीत. माझं माहेर कुरुंदवाडकडचं, ऊस आणि भाजीपाल्याचं. धार काढायला मी लग्नानंतर शिकले, सासूकडून. सासूला सगळं घर अव्वा म्हणतं. नवऱ्याला मी मालक म्हणते. गोठा चालायचा अव्वाच्या हुकमावर, पण मालक म्हटलं की त्यांना बरं वाटतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा पहिल्यांदा झालं. म्हशीखाली बसले होते आणि छातीत काहीतरी सुटलं. खिडकीतून आत शिरलेली चिमणी बाहेर जायची वाट शोधत भिंतीभिंतीवर आपटते, तसं. थोड्या वेळानं आपोआप थांबलं. पुढं महिन्याभरानं परत. एका डॉक्टरांनी उष्णता सांगितली, दुसऱ्यांनी टेन्शन. मला टेन्शन एवढंच होतं की ही चिमणी येते कुठून.

आमच्या कट्ट्यावर जनावरांचे एक डॉक्टर रोज पेला घ्यायला यायचे. एका संध्याकाळी त्यांना पेला देताना माझा हात थरथरला आणि दूध त्यांच्या पँटवर सांडलं. मी लाजून मेले. त्यांनी पँटकडं बघितलंसुद्धा नाही. पेला खाली ठेवला आणि माझं मनगट धरलं. बराच वेळ धरून राहिले. मालकांच्या भुवया चढायला लागल्या.

"वहिनी," डॉक्टर म्हणाले, "मी नाडी बघतो ती म्हशीची, शेपटीखाली. माणसाची बघायचा मला अधिकार न्हाय. पण ही नाडी न्हाय, हा खेळखंडोबा हाय. आत्ताच्या आत्ता पट्टी काढून घ्या."

मालकांनी तशीच स्कूटर काढली. कार्डिओग्रामच्या पट्टीवर तो खेळखंडोबा रेघेरेघेनं उमटलेला होता आणि त्याला नावही होतं, एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळायचे सोडून नुसते थरथरत होते. तिथं रक्त साचून गुठळी होऊ शकते, आणि ती गुठळी मेंदूकडं गेली तर लकवा. हे सगळं पट्टी काढणाऱ्या भल्या डॉक्टरांनी इतक्या मऊ आवाजात सांगितलं की मला 'लकवा' तेवढाच मोठ्यानं ऐकू आला. म्हशीच्या डॉक्टरनं माझ्या सुनंचा रोग ओळखला, हे अव्वा पुढं येईल-जाईल त्याला अभिमानानं सांगत राहिली.

पडद्यावर

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली. अंधाऱ्या खोलीत मला कुशीवर झोपवलं, छातीवर गार मलम लावलं आणि पडदा माझ्याकडं वळवला. मी घाबरून डोळे मिटून घेतले होते. तपासणारी मुलगी म्हणाली, काकू, बघा तरी, तुमचंच आहे.

बघितलं. काळ्या पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. दोन पातळ पडदे एकमेकांना भेटून परत दूर होत होते. म्हशी, लेकीची पाचवी, दिवाळीची पणती, अव्वाची बोलणी, यातलं काहीही चाललेलं असताना हे आत असंच उघडमीट करत राहिलेलं होतं. मी आईच्या पोटात होते तेव्हापासून. एकदाही थांबून त्यानं मला काही मागितलं नव्हतं. आता वरच्या बाजूला ते चुकत होतं, थरथरत होतं, आणि तसं चुकत असतानाही खालचे कप्पे बिचारे जमेल तसं काम उरकतच होते. मला रडू यायला लागलं. भीतीचं नव्हे. इतकी वर्षं घरात राबणाऱ्या माणसाचं तोंड पहिल्यांदा बघितल्यासारखं वाटलं.

अव्वा सोबत आत आली होती. तिनं पडद्याला हात जोडले.

"म्हंजी डाग की"

काही वर्षं गोळ्यांवर निघाली. मग चिमणी रोज यायला लागली. जिना चढला की धाप, धार काढताना घाम. दोन हजार सालानंतर आमच्याकडंही लोक अब्लेशनचं बोलायला लागले होते. आमच्या डॉक्टरांनी पुण्याचं नाव सुचवलं आणि आम्ही तिघं गेलो.

पुण्याचे डॉक्टर तरुण, बोलायला मोकळे. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. चुकीचे इशारे जिथून उठतात तिथं आतून गरम टोकानं बारीक बारीक चटके द्यायचे, तिथं व्रण धरतो आणि इशारा पुढं जात नाही.

अव्वा पुढं सरकली. "म्हंजी डाग की," ती म्हणाली.

डॉक्टर हसले. "हो आजी, डागच म्हणा."

त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, आपण कुणाला काय देऊन बसलो ते. अव्वाच्या माहेरी खांदा धरलेल्या बैलाला, लंगडणाऱ्या म्हशीला तापल्या लोखंडाचा डाग द्यायचे. तिचा बाप त्यातला जाणता. लहानपणी कावीळ झाली तेव्हा अव्वालाही दिलेला. दंडावरचा तो व्रण तिनं तिथल्या तिथं पदर सारून डॉक्टरांना दाखवला. काविळीवर त्याचा काडीचा उपयोग नसतो हे डॉक्टरांना ठाऊक असणारच, पण त्यांनी चष्मा सारखा करून तो व्रण नीट बघितला. त्या क्षणापासून माझा आजार अव्वाच्या ताब्यात गेला. तोवर ती घाबरून गप्प होती. आता तिला सगळं कळलं होतं.

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पुण्याचं ते चकचकीत दवाखान्याचं जग एकदम आमच्या गोठ्याशेजारी आल्यासारखं झालं.

दोन लिंगं

ज्या दिवशी करायचं होतं त्या सकाळी नर्सनं अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं. गळ्यातलं लिंग काढायची वेळ आली तेव्हा माझा हात चालेना. आम्हा लिंगायतांत ते जन्मल्यापासून अंगावर असतं, मेल्यावरही असतं. नर्स केरळची, मराठी जेमतेम. तिला वाटलं दागिना हरवायच्या भीतीनं बाई अडून बसलीय. ती कपाटाची किल्ली दाखवत राहिली.

आता अव्वा भांडणार असं मला वाटलं. तिनं माझ्या गळ्यातून ते काढलं, कपाळाला लावलं आणि स्वतःच्या गळ्यात घातलं.

"तुझं माझ्या अंगावर हाय," ती म्हणाली. "अंगावरच हाय की. जा आता."

मी आत होते तोवर ती दोन लिंगं गळ्यात घालून बाहेर बसून राहिली. पाणीही प्यायली नाही, असं मालकांनी नंतर सांगितलं.

आत काय झालं ते अर्धवट आठवतं. पूर्ण झोपवत नाहीत, गुंगी देतात. मांडीच्या शिरेतून नळ्या वर सरकवलेल्या, पण त्या सरकताना कळत नाहीत. मधूनमधून पाठीत, छातीत खोल चटका बसायचा. दुखायचं, पण ओरडावं इतकं नाही. आवाज आठवतात. डॉक्टर आकडे बोलायचे, पलीकडून कुणीतरी तेच आकडे परत बोलायचं, आणि माझ्या हृदयाचा टिकटिक आवाज यंत्रातून येत होता, वेडावाकडा, लंगडा. मग कधीतरी तो आवाज सरळ झाला. एकदम. खोलीतला पंखा अचानक बंद झाल्यावर आधी किती आवाज होता ते कळतं ना, तसं मला कळलं की मी इतकी वर्षं किती गोंगाटात राहत होते.

बाहेर नेताना डॉक्टरांनी पडदा दाखवला. त्यावर माझ्या हृदयाचा रंगीत नकाशा आणि त्यावर लाल ठिपके. अंगणात रांगोळीचे ठिपके काढून ठेवावेत आणि रेघा ओढायच्या बाकी असाव्यात, असं दिसत होतं. धडधडणाऱ्या, क्षणभर न थांबणाऱ्या वस्तूवर कुणीतरी इतक्या नेमक्या जागी ठिपके काढू शकतं, यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

हिरवं

घरी सोडताना डॉक्टरांनी पुष्कळ सांगितलं. तीन महिने व्रण धरायला लागतात, तोवर मधूनमधून अनियमित ठोके येतील, घाबरू नका. रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवू नका. रक्त तपासत राहा. कुठं मार लागू देऊ नका, रक्त थांबायला वेळ लागेल. आणि पालेभाज्यांबद्दल काहीतरी. मी गुंगीत होते, ऐकायला मालक होते. पालेभाज्यांबद्दल काहीतरी सांगितलंय हे मालकांनी पक्कं लक्षात ठेवलं. काय सांगितलंय, तेवढं राहिलं.

अव्वाला विचारायची गरजच नव्हती. डाग दिलेल्या जनावराला पेंड नाही, कडबा नाही, महिनाभर नुसतं हिरवं घालायचं, म्हणजे आगीची धग उतरते. हे तिच्या बापाचं शास्त्र. मालक म्हणाले, डॉक्टरनंपण पालेभाज्यांचं नाव घेतलंय. झालं. बापाचं आणि डॉक्टरचं एकमत झाल्यावर मी कोण बोलणार?

सकाळी कोथिंबिरीचा रस. दुपारी मेथी, रात्री पालक. आषाढ सरून श्रावण आला तसा माहेराहून पोकळा, चाकवत, शेपू येऊ लागला. इचलकरंजीहून लेक फोन करायची, पाठीमागं यंत्रमागांची खडखड, आणि विचारायची, आई, आज कुठली भाजी? मी म्हणायची, रंग सांगते, नाव तूच ओळख. आमच्या शेवंतीनंसुद्धा इतकं हिरवं कधी खाल्लं नसेल.

शेवंती म्हणजे माझी म्हैस. गोठ्यातल्या बाकीच्या घराच्या, ही माझी. रेडकू असताना तिची आई मेली आणि मी तिला बाटलीनं वाढवलं. तिला माझ्या हाताशिवाय दुसरा हात चालत नसे. मला धार काढायला बंदी होती, पण त्या दिवसांत शेवंती गाभण होती, आटलेली होती, त्यामुळं काही अडलं नव्हतं.

नाव

श्रावणातली दुपार होती. मालक दुसऱ्या म्हशीची कास धूत होते. मी शेवंतीपुढं वैरण टाकायला उभी राहिले. सकाळपासून छातीत चिमणी येऊन-जाऊन होती. डॉक्टरांनी सांगितलं होतंच, म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. शेवंतीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि नाव नव्हतं.

विसरलं असं नव्हे. विसरलेलं नाव कुठंतरी मागं आहे हे कळतं. इथं जागाच रिकामी. मी तिच्याकडं बघत होते, ही माझी हे कळत होतं, आणि हाक मारायला काहीच नव्हतं. उजव्या हातातली वैरण खाली पडली. मालकांनी काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला समजलं की माझ्या तोंडातून शब्द आलेले नाहीत.

त्यांनी मला उचलून रिक्षात घातलं. शेजारी अव्वा. रस्ता दिसत होता, दुकानांवरच्या पाट्या दिसत होत्या, वाचता येत नव्हत्या. मला तेव्हा मरणाचं भय नव्हतं. मला वाटत होतं, मी अशीच राहिले तर? सगळं ओळखीचं आणि कशालाच नाव नाही.

दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबताना ते परत आलं. कसं आलं, सांगता येत नाही. गेलेली वीज यावी तसं सगळं एकदम उजळलं. मी म्हटलं, "शेवंती."

मालक तिथंच पायरीवर बसले आणि पोरासारखे रडले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

बारीक गुठळी होती, आपोआप विरघळली, असं डॉक्टरांनी सांगितलं. नशीब थोर. पण गोळी चालू असताना रक्त इतकं घट्ट कसं? गोळ्या चुकवल्या का? नाही. मग खाता काय?

अव्वानं मोठ्या उत्साहानं सांगायला सुरुवात केली. मेथी, पालक, शेपू, सकाळचा रस. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सावकाश समजावलं की हिरव्या भाजीत जे असतं ते या गोळीच्या बरोबर उलट काम करतं. भाजी वाईट नाही, पण रोज सारखीच आणि बेतानं पाहिजे. इतकी खाल्ली तर गोळी घेतली काय आणि न घेतली काय.

अव्वानं माझ्याकडं बघितलं नाही, डॉक्टरांकडंही नाही. दंडावरच्या व्रणावर पदर ओढून घेतला.

माप

त्या दिवसापासून अव्वा गप्प झाली. डाग हा शब्द घरातून गेला. ताटातलं हिरवं तर असं गेलं की वरणावर कोथिंबिरीचं पान दिसेना, आणि पुढच्या तपासणीत रक्त भलतंच पातळ निघालं. डॉक्टर म्हणाले, आता अगदीच बंद केलंत वाटतं. असं चालत नाही, रोज सारखं पाहिजे.

अव्वानं ऐकून घेतलं. घरी आल्यावर तिनं दुधाचं पावशेराचं माप घासूनपुसून स्वयंपाकघरात आणून ठेवलं. रोज शिजलेली भाजी त्या मापानं, काठाशी बोट फिरवून, माझ्या ताटात पडायला लागली. जास्त नाही, कमी नाही. गिऱ्हाइकाला कधी थेंब कमी न देणारा हात तो. महिन्याभरात रक्त जागेवर आलं आणि तेव्हापासून फारसं हललं नाही.

या जागी त्या इचलकरंजीच्या बाईंसाठी एक सांगते. घरच्यांच्या मायेला नाही म्हणू नका, पण ताटात काय पडतं ते डॉक्टरांना एकूणएक सांगा. आणि दवाखान्यात ऐकायला एका माणसावर विसंबू नका, मालकांसारख्यावर तर अजिबात नको.

आणि खरं सांगायचं तर चिमणी पुरती गेलेली नाही. डॉक्टर म्हणतात, पूर्वीच्या मानानं उत्तम आहे, आणि ते खरंच आहे. पूर्वी रोजची पाहुणी होती, आता महिना-दोन महिन्यांनी डोकावते. जिना चढते, बाजार करते. गोळी आहे, रक्त तपासणं आहे. पण तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. तेव्हा मी दिवसभर डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवून बसायची. बोलताना, टीव्ही बघताना, झोपेत कुशीवर वळताना. एक ठोका बरोबर पडला की पुढच्याची वाट बघायची.

शेवंती

नवरात्रात शेवंती व्याली. रेडी झाली. आणि अडचण उभी राहिली. ती मालकांना कासेला हात लावू देईना. रेडी पाजली की चार धारा सोडायची, मग पान्हा चोरायची. जोर केला की लाथ. गड्यालाही लाथ. कास दगडासारखी व्हायला लागली. मी गोठ्यात जायला निघाले की दारात अव्वा उभी. ती नुसती वाट अडवायची. एक चूक तिच्या हातून झाली होती, दुसरी ती होऊ देणार नव्हती.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, धार काढल्यानं हृदयाला काही होत नाही, पण या गोळीवर पोटाला, डोक्याला लाथ बसणं फार वाईट. मी म्हटलं, ती मला मारत नाही. ते म्हणाले, तिनं तसं लिहून दिलंय का?

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या म्हशी सजतात. शिंगं रंगवायची, गळ्यात माळा, आणि मोटरसायकलवरच्या मालकाच्या हाकेमागं म्हशीनं गल्लीतून पळत जायचं. शेवंती आमच्या दारापर्यंत पळाली आणि उंबऱ्यावर मी बसले होते तिथं थांबली. मालक पुढून हाका मारत राहिले, लोक हसत राहिले, ती हलली नाही. गर्दीत मिरजेकडचा एक व्यापारी होता. त्यानं तिची कास बघितली, पाय बघितले, आणि मालकांना बाजूला घेतलं. मालकांनी सांगून टाकलं, हात लावू देत नाही, जपून. तो म्हणाला, आमच्याकडं देईल. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येतो म्हणून गेला.

मालकांचं चुकत नव्हतं. दूध न काढता म्हैस ठेवली तर तिची कासच जाईल. मी मान डोलावली आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले. ज्या हृदयासाठी इतकं केलं, जे जाळलं, जपलं, त्याच्यामुळं शेवंती जाणार होती.

दिवे लागायच्या वेळी अव्वा आत आली. तिच्या हातात धारेची बादली होती.

"ऊठ," ती म्हणाली.

गोठ्यात मालक दोरी घेऊन उभे होते. त्यांनी शेवंतीचे मागचे पाय बांधले. अव्वानं पाट घेतला आणि ती शेवंतीच्या मागच्या पायाशी, माझ्या आणि त्या पायाच्या मधे बसली. पंच्याहत्तरी उलटलेली बाई, दोन हाडं आणि एक लुगडं.

"अव्वा, तिथं नको," मालक म्हणाले.

"मारली लाथ तर मला बसंल," अव्वा म्हणाली. "सुशे, बस तू."

मी बसले. कास धुतली. रेडी तोंड लावून बाजूला केली आणि मी सड धरले. पहिल्यांदा काही नाही. शेवंतीनं शेपूट हलवलं. तिच्या अंगाचा ओळखीचा वास आला. मी हळू आवाजात तिचं नाव घेतलं, आणि ते नाव घेता येतंय म्हणून परत एकदा घेतलं. मग तिनं पान्हा सोडला. भरलेल्या कासेतून धार बादलीच्या तळावर वाजली, आणि पाठोपाठ दुसरी.

तेवढ्यात छातीत चिमणी शिरली. बऱ्याच दिवसांत आली नव्हती तशी, जोरात, भिंतीभिंतीवर आपटत. एरवी माझी दोन बोटं तत्क्षणी मनगटावर गेली असती. पण दोन्ही हातांत सड होते, सोडले तर शेवंती पान्हा चोरणार. मी कपाळ तिच्या कुशीला टेकवलं आणि हात चालू ठेवले. तिच्या त्या ऊबदार अंगात, खोल कुठंतरी, एक ठोका पडत होता. संथ, जड. कितीतरी वेळानं पुढचा. माझ्या कपाळाला तो लागत होता. हिच्या आतही एक आहे, माझ्या शेजारी तिचा पाय अडवून बसलेल्या म्हातारीच्या आतही एक आहे, गल्लीत दिवे लावणाऱ्या प्रत्येकाच्या आत एक आहे, आणि कुणी त्यांना कधी सांगितलं नाही की चालू राहा. मी धार काढत राहिले.

बादली काठोकाठ आली तेव्हा मालकांनी पाय सोडले. सकाळी व्यापारी आला, त्याला मालकांनी चहा पाजला आणि रिकामं परत पाठवलं. शेवंती पुढं कित्येक वर्षं आमच्याकडं राहिली.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी अव्वा गुडघ्यावर हात ठेवून उठली, बादलीतल्या फेसाकडं बघितलं, आणि श्रावणापासून तिनं तोंडातून न काढलेला शब्द म्हणाली.

"लागू पडला गं डाग."

तेव्हा छातीत काय चाललं होतं ते मी तिला सांगितलं नाही. अव्वा आता नाही. पण ती असती तरी मला नीट सांगता आलं नसतं. चिमणी आत शिरली ते मला आठवतं. ती बाहेर कधी गेली ते ठाऊक नाही. नाडीवर ठेवायला माझे हात रिकामे नव्हते.